इंग्रजी लिहितात एक, वाचतात भलतंच: असं का झालं, आणि मुलखागणिक ती बदलते कशी

सरदार या अर्थाचा 'नाईट' हा शब्द घ्या. स्पेलिंगमध्ये सहा अक्षरं: के, एन, आय, जी, एच, टी. त्यातली के, जी आणि एच सायलेंट. पाठ करणाऱ्या मुलाला हा कुणाचा तरी चावटपणा वाटतो. पण चौदाव्या शतकातला लंडनकर हा शब्द जवळपास 'क्निख्त' असा म्हणत असे. तेव्हा त्यात मुकं काहीच नव्हतं. पुढे उच्चार झिजला आणि स्पेलिंग होतं तिथेच राहिलं.

इंग्रजीतल्या बहुतेक विचित्रपणाचं मूळ एवढंच आहे. लेखन साधारण १५०० ते १६५० या काळात घट्ट होत गेलं, बोलणं मात्र बदलत राहिलं, आणि ते सगळीकडे एकाच वेळी किंवा एकाच दिशेने बदललं नाही. ग्लासगो, बॉस्टन, सिडनी इथल्या इंग्रजीत कानाला जे फरक जाणवतात, त्यातल्या बऱ्याच फरकांना तारीख लावता येते. अमुक उच्चार इंग्लंडच्या आग्नेय भागात कधी बदलला, आणि तिथली माणसं जहाजात बसून परमुलखात गेली ती त्याआधी की नंतर? या एका प्रश्नाने निम्मं कोडं सुटतं. उरलेलं निम्मं शेजारच्या भाषांमुळे पडलेलं असतं.

विभक्ती लावणारी इंग्रजी

रोमन सैन्य इ.स. ४१०च्या सुमारास ब्रिटनमधून निघून गेलं. त्याच शतकात आजच्या डेन्मार्क आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरून अँगल, सॅक्सन आणि ज्यूट लोक येऊन वसू लागले. त्यांच्या बोली एकमेकांना समजण्याइतक्या जवळच्या होत्या, आणि त्यातून जुनी इंग्रजी घडली. बेटावर आधीपासून असलेल्या केल्टिक भाषा पश्चिमेकडे सरकत गेल्या. आजची वेल्श ही त्यांचीच वंशज.

ही जुनी इंग्रजी आजच्या इंग्रजाला शिकल्याशिवाय वाचता येत नाही, पण तिची घडण मराठी माणसाला ओळखीची वाटेल. मराठीसारखीच तीन लिंगं होती. सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, आणि बाई या अर्थाचा 'वीफ', म्हणजे आजच्या 'वाइफ'चा पूर्वज, चक्क नपुंसकलिंगी. नामांना विभक्तीचे प्रत्ययही लागत. दगडाला 'स्टान' म्हणत. दगडाचा म्हणजे 'स्टानेस', दगडाला म्हणजे 'स्टाने', अनेक दगड म्हणजे 'स्टानास', अनेक दगडांना म्हणजे 'स्टानुम'. यातले दोनच प्रत्यय आज जिवंत आहेत: 'चा-ची-चे' या अर्थाने लागणारा अपॉस्ट्रॉफीसह एस हा त्या 'एस'चा अवशेष, आणि अनेकवचनाचा एस हा 'आस'चा.

बोलीभेद पहिल्या दिवसापासून होते. उत्तरेला नॉर्थंब्रियन, मध्यभागी मर्सियन, आग्नेयेला केंटिश, नैर्ऋत्येला वेस्ट सॅक्सन. राजा आल्फ्रेडची राजधानी विंचेस्टर वेस्ट सॅक्सन प्रदेशात होती, त्यामुळे उरलेलं बहुतेक जुनं वाङ्मय त्या बोलीत आहे. गंमत अशी की आजची प्रमाण इंग्रजी तिच्यातून आलेली नाही. ती मुख्यतः पूर्व-मध्य इंग्लंडच्या, म्हणजे मर्सियनच्या वंशातली. लंडन मोठं झालं, त्या भागातून लोक लंडनला आले, आणि त्यांची बोली राजधानीची झाली. नॉर्थंब्रियनची एक शाखा पुढे सीमेपलीकडे स्कॉटलंडमध्ये वाढून 'स्कॉट्स' ही भाषा बनली.

७९३ मध्ये ईशान्य किनाऱ्यावरच्या लिंडिसफार्नच्या मठावर स्कॅन्डिनेव्हियातून आलेल्या व्हायकिंगांनी हल्ला केला. नंतरच्या शतकात ते लुटायला येण्याऐवजी शेती करायला राहिले, आणि इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग बराचसा त्यांच्या ताब्यात गेला. डर्बी, व्हिटबी, ग्रिम्सबी या नावांतलं शेवटचं 'बी' म्हणजे त्यांच्या भाषेतलं गाव. 'स्काय', 'एग', 'नाइफ', 'विंडो', 'हजबंड', 'लॉ', 'टेक' हे त्यांचे शब्द. परक्या भाषेकडून नामं सगळेच उसनी घेतात, पण इंग्रजीने 'दे', 'देम', 'देअर' ही सर्वनामंसुद्धा त्यांच्याकडून घेतली. सर्वनाम उसनं घेणं ही भाषांमध्ये फार दुर्मिळ गोष्ट आहे. दोन्ही समाज एकाच गावात, एकाच घरात नांदत असल्याखेरीज ते घडत नाही. विभक्तीप्रत्यय गळायला सुरुवात उत्तर आणि पूर्वेकडेच आधी झाली. मूळ शब्द दोघांचे मिळतेजुळते आणि प्रत्यय वेगळे, तेव्हा बाजारात प्रत्यय गिळून टाकणं दोघांनाही सोयीचं गेलं असणार, असं बरेच अभ्यासक मानतात.

फ्रेंच लेखनिकांचा हात

१४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जची लढाई झाली आणि फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या, फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांची सत्ता आली. पुढची सुमारे तीन शतकं दरबार, कायदा आणि वरच्या वर्गाचा व्यवहार फ्रेंच-लॅटिनमध्ये चालला. गोठ्यातल्या गाईचं नाव 'काऊ' आणि ताटातल्या मांसाचं 'बीफ', तसंच 'शीप' आणि 'मटन', ही उदाहरणं सगळ्यांनी ऐकलेली असतात. १३६२ मध्ये न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा झाला. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये.

शब्दांपेक्षाही मोठा फरक त्या काळात स्पेलिंगमध्ये पडला. फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी इंग्रजी शब्द आपल्या सवयीने लिहिले. जुन्या इंग्रजीत राणी सी-डब्ल्यू वापरून लिहीत, त्यांनी ते क्यू-यू केलं. 'हूस' म्हणजे घर. त्यातला लांब 'ऊ' त्यांनी ओ-यू असा लिहिला. घशातल्या 'ख'साठी नुसता एच होता, त्याचा जी-एच झाला. 'लव्ह', 'सन' म्हणजे मुलगा, 'कम' या शब्दांत उच्चार 'उ'च्या वळणाचा असून स्पेलिंगमध्ये ओ दिसतो, त्यामागेही साधारणपणे त्यांची लेखणीच सांगितली जाते. त्या काळच्या लिपीत एम, एन, यू, व्ही ही अक्षरं नुसत्या उभ्या दांड्यांनी काढत. अशा अक्षरांच्या शेजारी यू आला की किती दांड्या कुणाच्या ते कळत नसे, म्हणून तिथे ओ लिहायचा प्रघात पडला. तेव्हाची वाचकांची सोय आज आपल्या मुलांना पाठ करावी लागते.

विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. नेमकं कुठल्या इंग्रजीत छापायचं, हा त्याच्यापुढचा खरा प्रश्न होता. १४९० च्या एका प्रस्तावनेत त्याने एक प्रसंग दिला आहे. काही व्यापाऱ्यांचं जहाज वारा नसल्याने थेम्स नदीत अडकलं. त्यातला एक जण किनाऱ्यावरच्या घरी गेला आणि त्याने 'एग्ज' मागितली. घरची बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हती. शेवटी कुणीतरी 'आयरेन' म्हटल्यावर तिला अंडी हवी आहेत हे उमगलं. उत्तरेत व्हायकिंगांचा शब्द, दक्षिणेत जुना इंग्रजी शब्द, दोघंही एकाच देशातले. कॅक्स्टनने लंडनची बोली धरली, पण त्याच्या काळातलं स्पेलिंग अजून अस्थिर होतं. ते पुढच्या दीडशे वर्षांत छापखान्यांनी आवळत आणलं.

मध्येच विद्वानांनीही हात मारून घेतला. कर्ज या अर्थाचा 'डेट' फ्रेंचमधून बी नसलेला आला होता. लॅटिन मुळात बी आहे म्हणून तो घुसडला. 'आयलंड'मधला एस तर सरळ चुकीचा. हा शब्द जुन्या इंग्रजीतला आहे, त्यात एस कधीच नव्हता. लॅटिनमधल्या बेटाच्या शब्दाशी त्याचं नातं आहे असं समजून एस चिकटवला, तो आजही तिथे आहे.

स्वर हलले, आणि सगळा घोळ झाला

छापखाना स्पेलिंग बांधत होता, नेमक्या त्याच काळात इंग्रजीचे सगळे दीर्घ स्वर जागा सोडत होते. साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत हे घडलं. जीभ तोंडात जितकी वर असायची, त्याहून एक पायरी वर जाऊ लागली. नाव म्हणजे 'नामे', त्याचं 'नेम' झालं. पाहणं या अर्थाच्या 'से'चं 'सी' झालं. चंद्राच्या 'मोन'चं 'मून' झालं. जे स्वर आधीच सगळ्यात वर होते, त्यांना आणखी वर जागा नव्हती. म्हणून ते फुटून जोडस्वर झाले: 'टीमे'चं 'टाइम', 'हूस'चं 'हाउस'.

याचा पुरावा आपल्याच सहीत सापडतो. पाटील, शिवाजी ही नावं रोमन लिपीत लिहिताना आपण ए हे अक्षर 'आ'साठी आणि आय हे अक्षर 'इ-ई'साठी वापरतो. इटालियन, जर्मन, स्पॅनिशमध्येही हीच पद्धत आहे. त्या अक्षरांचं मूळ मोल तेच होतं, आणि स्वर हलण्यापूर्वी इंग्रजीतही तेच होतं. ए-ला 'ए' आणि आय-ला 'आय' म्हणणं ही इंग्रजीची नंतरची करामत आहे.

हा बदल उत्तरेत अर्धवट झाला. तिथे लांब 'ओ' आधीच तोंडात पुढे सरकला होता, त्यामुळे 'ऊ'ला खालून ढकलणारं कुणी नव्हतं आणि तो जागेवर राहिला. म्हणून स्कॉटलंडमध्ये आजही घर 'हूस', खाली म्हणजे 'डून', गाय म्हणजे 'कू' ऐकू येतं. दगडाचा जुना 'स्टान' दक्षिणेत 'स्टोन' झाला आणि स्कॉटलंडमध्ये 'स्टेन'. 'होम'चं तसंच 'हेम'. स्कॉटिश माणूस 'हाउस' बिघडवून 'हूस' म्हणतो, ही समजूत उलटी आहे. बदलले ते दक्षिणेकडचे.

'फूड', 'गुड', 'ब्लड' या तिन्हींत दोन ओ असून तीन उच्चार का, याचं उत्तरही तारखांत आहे. तिन्हींत एकेकाळी एकच लांब 'ओ' होता, तो वर सरकून 'ऊ' झाला. 'ब्लड'मधला 'ऊ' लवकर आखूड झाला. नंतर, सतराव्या शतकात, दक्षिण इंग्लंडमध्ये बहुतेक आखूड 'उ'चे 'अ' झाले, त्यात 'ब्लड' सापडला. 'गुड' उशिरा आखूड झाला, तोवर ती लाट ओसरली होती. 'फूड' आखूड झालाच नाही. ही लाट उत्तर इंग्लंडपर्यंत पोचली नाही. लीड्स, मँचेस्टर, शेफील्डकडे 'कप'ला 'कुप' आणि 'बस'ला 'बुस' म्हणतात ते त्यामुळे.

एका 'र'ची तारीख

इंग्रजीच्या बोली ओळखायला सगळ्यात उपयोगी ध्वनी म्हणजे स्वरानंतरचा 'र'. 'कार', 'हार्ड', 'मदर' यातला. शेक्सपिअरच्या काळी तो इंग्लंडभर ऐकू येत असे. लंडन आणि आग्नेय भागात तो अठराव्या शतकात झिजत गेला आणि एकोणिसाव्यात वरच्या वर्गाच्या बोलण्यातूनही गेला. आता वसाहतींच्या तारखा लावून पाहा. जेम्सटाउन १६०७, प्लिमथ १६२०: 'र' शाबूत होता, तो अमेरिकेत गेला. ऑस्ट्रेलियातली पहिली वसाहत १७८८, न्यूझीलंडची मोठी वसाहत १८४० नंतर: 'र' गेलेला होता, तिथे तो नाही. स्कॉटलंड, आयर्लंड आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ही लाट पोचली नाही, म्हणून तिथे तो आजही आहे.

अपवाद आहेत, आणि त्यांनाही कारण आहे. बॉस्टन, न्यूयॉर्क आणि दक्षिणेकडची किनाऱ्यावरची शहरं लंडनशी सतत व्यापार करत होती. तिथल्या श्रीमंतांनी लंडनची नवी फॅशन उचलली आणि 'र' सोडला. विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या तीन मोठ्या दुकानांत जाऊन विक्रेत्यांना अशा वस्तूंचा पत्ता विचारला, ज्या चौथ्या मजल्यावर मिळत. 'फोर्थ फ्लोअर' या उत्तरात दोनदा 'र' यायला हवा. ऐकू आलं नाही असं दाखवून तो पुन्हा विचारायचा. सगळ्यात महागड्या सॅक्समध्ये ६२ टक्के लोकांनी कधी ना कधी 'र' उच्चारला, मधल्या दर्जाच्या मेसीजमध्ये ५१ टक्के, आणि स्वस्त क्लाइन्समध्ये २० टक्क्यांच्या आसपास. लंडनमध्ये 'र' म्हणणारा गावंढळ आणि न्यूयॉर्कमध्ये 'र' न म्हणणारा गावंढळ. 'र'मध्ये स्वतःचं असं शुद्ध-अशुद्ध काहीच नाही, हे याहून स्वच्छ कुणी दाखवलेलं नाही.

'बाथ', 'ग्रास', 'लास्ट' यातला लांब 'आ' हाही दक्षिण इंग्लंडचा नंतरचा बदल. उत्तर इंग्लंड आणि अमेरिका यांचा 'बॅथ' जुन्या वळणाचा आहे. 'गॉटन' हे क्रियारूप आणि पानगळीच्या ऋतूला 'फॉल' म्हणणं, हेही इंग्लंडमधूनच अमेरिकेत गेलं आणि मागे इंग्लंडमध्ये वापरातून उतरलं. तरी अमेरिकन इंग्रजी म्हणजे शेक्सपिअरची जपून ठेवलेली भाषा, हा दावाही फेकून द्यावा. तिने स्वतःचे बदल भरपूर केले आहेत. 'वॉटर'मधला 'ट' जिभेच्या एका टिचकीवर आणून 'वॉडर' करणं हा त्यातलाच.

स्पेलिंगमधला फरक मात्र मुद्दाम केलेला आहे. इंग्लंडमध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश १७५५ चा. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८३ मध्ये शालेय अंकलिपी काढली आणि १८२८ मध्ये मोठा कोश. 'कलर'मधला यू काढणं, 'सेंटर'चा शेवट ई-आर करणं हे त्याच्यामुळे रुळलं. 'विमेन' उच्चाराप्रमाणे डब्ल्यू-आय-एम-एम-ई-एन असं लिहावं हीही त्याची सूचना होती. ती कुणी मनावर घेतली नाही.

एकाच बेटावर बोळाला किती नावं

वसाहती झाल्या म्हणून बोली झाल्या, असा समज होऊ नये. सर्वाधिक वैविध्य ब्रिटनमध्येच आहे, कारण तिथे बोली दीड हजार वर्षं मुरल्या आहेत. दोन घरांमधल्या अरुंद बोळाला यॉर्कशर-लँकेशरकडे 'गिनल' किंवा 'स्निकेट', मिडलंड्समध्ये 'जिटी', ससेक्समध्ये 'ट्विटन', स्कॉटलंडमध्ये 'वेनल' म्हणतात. साध्या पावाला कुठे 'बार्म', कुठे 'कॉब', कुठे 'बॅप', तर कॉव्हेंट्रीत 'बॅच'. न्यूकॅसलकडे मुलाला 'बेर्न' म्हणतात आणि जाण्याला 'गॅन'. हे शब्द शब्दकोशातून शिकता येत नाहीत; तिथे राहायला गेल्यावर पहिल्या आठवड्यात कानावर पडतात.

या बोलींची नोंद करणाऱ्यांत जोसेफ राइट हे नाव आधी घ्यावं लागेल. १८५५ साली यॉर्कशरमध्ये जन्मलेला हा माणूस लहानपणी गिरणीत कामाला लागला. वाचायला शिकला तो पंधराव्या वर्षाच्या सुमारास. पुढे ऑक्सफर्डमध्ये तो तौलनिक भाषाशास्त्राचा प्राध्यापक झाला. त्याचा बोलीकोश १८९८ ते १९०५ या काळात सहा खंडांत निघाला. त्यानंतरचं मोठं काम लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांनी केलं. १९५० ते १९६१ या काळात ३१३ ठिकाणी, मुख्यतः खेड्यांत, तेराशेवर प्रश्न विचारून नोंदी घेतल्या. माणसं शक्यतो म्हातारी, पुरुष आणि गाव न सोडलेली निवडली. त्यामुळे जुनी बोली नीट सापडली, पण बायका, तरुण आणि कारखान्यांच्या शहरांतलं बोलणं बरंचसं निसटलं. ते नकाशे पाहताना एवढं ध्यानात ठेवावं.

'तू' आणि 'तुम्ही' हा भेद इंग्रजीतही होता: 'दाऊ' आणि 'यू'. सतराव्या शतकात प्रमाण भाषेतून 'दाऊ' मागे पडला आणि सगळ्यांना अहो-जाहो सुरू झालं. यॉर्कशरच्या खेड्यांत त्याचं 'दा-दी' हे रूप अगदी अलीकडेपर्यंत टिकलं. पण 'तू' गेल्यावर एक अडचण उभी राहिली. 'यू' म्हणजे एक माणूस की अनेक, हे कळेना. मग जो तो आपापली सोय पाहू लागला. अमेरिकेच्या दक्षिणेत 'यॉल', आयर्लंड, लिव्हरपूल आणि सिडनीत 'यूझ', पिट्सबर्गमध्ये 'यिन्झ'. शाळेत हे अडाणीपणाचं मानतात. खरं तर भाषेतलं भगदाड बुजवण्याचं काम ही रूपं करतात, आणि प्रमाण इंग्रजीला ते अजून जमलेलं नाही.

आयर्लंडमध्ये इंग्रजी आयरिश भाषेवर येऊन बसली, त्यामुळे वाक्यरचनाच आयरिश झाली. 'मी नुकताच जेवलो' यासाठी तिथे 'आय अॅम आफ्टर ईटिंग माय डिनर' म्हणतात. 'आफ्टर' ऐकून बाहेरच्याला जेवण अजून व्हायचंय असं वाटतं, आणि घोटाळा होतो. १८४०च्या दशकातल्या दुष्काळात आयरिश लोक मोठ्या संख्येने लिव्हरपूलला उतरले. लिव्हरपूलची बोली आसपासच्या लँकेशरपेक्षा इतकी वेगळी वाटते, त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

ज्याला आपण 'बीबीसी इंग्लिश' म्हणतो, ती कुठल्याच गावची बोली नाही. आग्नेय इंग्लंडचा उच्चार निवासी शाळांमधून वरच्या वर्गात पसरला आणि १९२२ पासून नभोवाणीने तो घरोघर नेला. दुसऱ्या महायुद्धात यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं, तर उत्तरेच्या उच्चारात बातम्या ऐकून श्रोत्यांनी तक्रारी केल्या.

ऐकून ओळखायचं असेल तर

समोरचा कुठला आहे हे अंदाजाने ओळखायला पाच-सहा शब्द पुरतात. परीक्षेतला ऐकण्याचा पेपर असो किंवा कामातला व्हिडिओ कॉल, कान आधी तयार असला की अर्थ लवकर लागतो.

आधी 'कार' ऐका. 'र' आला, तर अमेरिका, कॅनडा, स्कॉटलंड, आयर्लंड किंवा भारत. मग 'वॉटर' ऐका. 'ट'ची टिचकी होऊन 'वॉडर' आलं तर अटलांटिकपलीकडचा. त्याने 'अबाउट'मधला जोडस्वर आखडून 'अबउट'सारखा म्हटला तर बहुधा कॅनडाचा. 'ट' सुटा आला आणि 'हाउस' 'हूस'च्या बाजूला झुकलं तर स्कॉटलंड. शब्दाच्या शेवटचा 'ट' 'स'सारखा घसरता आला तर आयर्लंड.

'कार'मध्ये 'र' आला नाही, तर 'कप' आणि 'बाथ' ऐका. 'कुप' आणि 'बॅथ' म्हणजे उत्तर इंग्लंड. 'कप' आणि 'बाथ' म्हणजे दक्षिण इंग्लंड किंवा दक्षिण गोलार्ध. त्या दोघांत फरक करायला 'फिश'. न्यूझीलंडचा 'फश' म्हणतो, ऑस्ट्रेलियाचा 'फीश'कडे झुकतो. ऑस्ट्रेलियातला 'डे' आपल्याला 'डाय' ऐकू येतो, पण लंडनच्या पूर्व भागातलाही तसाच येतो. तेव्हा 'थिंक' ऐका: तो 'फिंक' झाला तर पूर्व लंडनचा संशय घ्यावा.

फसगत होते ती शिकलेल्या, फिरलेल्या माणसांत. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माणूस 'बाथ' सांभाळून म्हणतो, पण 'कप'मधला 'उ' लपत नाही. म्हणून उत्तरेचा माणूस ओळखायला 'बाथ'पेक्षा 'कप'वर भरवसा ठेवावा. वेल्स आणि दक्षिण आफ्रिका या चाचणीत नीट बसत नाहीत. दक्षिण आफ्रिकेची खूण शब्दांत आहे: तिथे सिग्नलला 'रोबोट' म्हणतात, आणि 'जस्ट नाऊ करतो' म्हणजे लगेच नव्हे, मग कधीतरी.

मराठी तोंडातली इंग्रजी

मुंबई १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आली, पण इंग्रजी मराठी समाजात शिरली ती एकोणिसाव्या शतकात. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला निघालं तेच इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ झालं. देवाणघेवाण उलट दिशेनेही झाली: इंग्रजीतला 'मंगूस' हा आपला मुंगूस. त्याचं अनेकवचन 'मंगूसेस'. 'गूस'चं 'गीस' होतं म्हणून 'मंगीस' म्हणू नये.

अमेरिकेत इंग्रजी गेली ती बोलणाऱ्यांच्या तोंडातून, आपल्याकडे ती मुख्यतः पुस्तक आणि शाळेतून आली. आपण 'कार'मधला 'र' म्हणतो तो जुना उच्चार टिकला म्हणून नाही, स्पेलिंगमध्ये आर दिसतो आणि मराठीत लिहिलेलं सगळं उच्चारायचं असतं म्हणून. 'वेडनेसडे' म्हणायची सवयही तिथलीच. आणि सरकारी पत्रातलं 'डू द नीडफुल' हे एकेकाळी इंग्लंडच्याही कचेऱ्यांत चालायचं. तिथे ते गेलं, आपल्याकडे राहिलं.

आपल्या उच्चारातल्या कुठल्या गोष्टी खरोखर अडतात? 'थ' आणि 'द' दंत्य म्हणणं अडत नाही. आयर्लंडमधलेही बरेच लोक 'थिंक', 'दिस' जीभ दातांना टेकवूनच म्हणतात. 'ट' आणि 'ड' टाळूकडे जीभ वळवून म्हटल्याने बोलणं भारतीय वाटतं, पण समजतं. 'बॅट' आणि 'बेट', 'कॉट' आणि 'कोट' यात आपण सहसा गोंधळत नाही, कारण मराठीने अॅ आणि ऑ यांच्यासाठी चंद्राची खूण केव्हाच स्वीकारली आहे. व्ही आणि डब्ल्यूलाही आपल्याकडे 'व्ह' आणि 'व' असे दोन मार्ग आहेत. 'व्हॅन'ला वरचे दात खालच्या ओठावर आणि 'वाइन'ला ओठांचा चंबू, एवढं केलं की पुरे.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, शब्दाच्या सुरुवातीचे पी, टी, के. इंग्रज तिथे हवा सोडतो, आपण कोरडा 'प' म्हणतो. त्यामुळे आपला 'पिन' त्याला 'बिन' ऐकू येऊ शकतो. उपाय मराठीतच आहे. ओठ मिटून म्हटलेला 'फुला'तला 'फ' घ्या आणि त्याच्या थोडं अलीकडे थांबा. मात्र एसनंतर ही हवा सोडायची नाही: 'स्पिन'मध्ये आपला साधा 'प'च बरोबर आहे.

दुसरं आणि जास्त अडणारं म्हणजे आघात. मराठीत शब्दाचा अर्थ आघाताने बदलत नाही, म्हणून आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रज कान आघाताचा भाग आधी पकडतो आणि त्यावरून शब्द ओळखतो. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या 'फो'वर. 'फोटोग्राफर' म्हणताना तो दुसऱ्या भागावर सरकतो आणि बाकीचे स्वर पुसट होऊन शब्द 'फटॉग्रफर' असा होतो. 'फोटोग्राफिक'मध्ये तो 'ग्रॅ'वर जातो. 'हॉटेल' आणि 'डेव्हलप' आपण पहिल्या अक्षरावर जोर देऊन म्हणतो. दोन्हींत तो दुसऱ्या भागावर हवा, 'होटेल' आणि 'डिव्हेलप'. 'कम्फर्टेबल'ला चार भाग करून टेबलाशी नेण्याची गरज नाही, 'कम्फ्टबल' असे तीन पुरतात. नवा शब्द शब्दकोशात पाहताना आघाताची छोटी उभी रेघ आधी शोधा. ती ज्या भागापूर्वी असते, त्या भागावर जोर द्यायचा.